छायाचित्राचा धनी

ब्रिटिश पार्लमेंटाने १९११ साली संमत केलेला आणि १९१४ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानात अमलात आलेला जो स्वामित्वहक्काचा कायदा, त्यातील छायाचित्रविषयक कलम आज वाचणारास मोठे चमत्कारिक वाटेल. छायाचित्राचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना त्या कायद्याने कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा यत्किंचितही विचार केला नव्हता. मूळ निगेटिव्ह ज्या क्षणी तयार झाली त्या क्षणी ती ज्याच्या मालकीची होती, त्यासच कर्ता मानावे, आणि निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षेपर्यंत त्याचा हक्क अबाधित राहावा, अशी त्याची सरळ आज्ञा होती.

या आज्ञेमागे व्यवहाराचे एक पक्के शहाणपण होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. निगेटिव्ह, मग ती काचेची असो वा सेल्युलॉइडची, ही हातात धरता येणारी, एका वेळी एकाच कपाटात राहणारी वस्तू होती. तिच्यावाचून धडशी प्रत निघत नसे. आणि म्हणून कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, छायाचित्राचे भवितव्य त्याच्या हाती, हे समजावून देण्यास वकिलाची गरज पडत नसे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी या नव्या विद्येच्या नादी लागली, तेव्हापासून तो राजा दीनदयाळांनी १८९६ साली मुंबईत आपला स्टुडिओ थाटला तोपर्यंत, आणि त्यानंतरही तीन पिढ्या, गावोगावच्या स्टुडिओंचा सारा कारभार या किल्लीवर चालला. ग्राहकाने पैसे मोजून नेलेल्या जाड पुठ्ठ्यावरील चित्राच्या पाठीमागे निगेटिव्हचा क्रमांक टाकलेला असे, आणि हा क्रमांक कळविल्यास जादा प्रती केव्हाही मिळतील असे आश्वासनही बहुधा छापलेले असे. ते आश्वासन जितके सौजन्याचे तितकेच धोरणाचे होते; कारण आजोबांच्या त्या एका चित्राची दुसरी प्रत हवी झाली की नातवास त्याच जिन्याची पायरी पुन्हा चढावी लागे.

१९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने एक ओबडधोबड यंत्र जुळविले. १०,००० बिंदूंचे एक कृष्णधवल चित्र साध्या कॅसेटवर उतरवून घेण्यास त्या यंत्रास २३ सेकंद लागत. चित्र कसले, ती एक धूसर आकृतीच. परंतु त्या २३ सेकंदांत निगेटिव्ह नावाची वस्तू जगातून बाद होण्यास प्रारंभ झाला होता, आणि जी कंपनी फिल्म विकूनच श्रीमंत झाली होती तिच्या पचनी ही गोष्ट अखेरपर्यंत पडली नाही. आज मेमरी कार्डावर उमटलेले चित्र संगणकावर जाते, तेथून हार्ड डिस्कवर, पेनड्राइव्हवर, दूरच्या कोणत्याशा सर्व्हरवर जाते, आणि प्रत्येक ठिकाणची प्रत पहिलीइतकीच अस्सल असते. इतकेच नव्हे, तर कार्ड पुसून पुढच्या कार्यास वापरले की ज्या वस्तूवर चित्र प्रथम उमटले ती वस्तूही खुणेपुरती उरत नाही. ताबा हा मालकीचा पुरावा होऊ शकत नाही अशी ही पहिलीच छायाचित्रविद्या. शेतजमिनीच्या बाबतीत आपल्याकडील अडाणी माणूससुद्धा कसणारा एक, कब्जा दुसऱ्याचा आणि सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचे, हा भेद उपजत जाणतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र चांगले शिकलेसवरलेले लोकही, ज्याच्या मोबाइलमध्ये ते आहे त्याचे ते, या समजुतीवर निर्धास्तपणे वागताना दिसतात. आमच्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक तंटे या एका समजुतीतून निघालेले आहेत.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट अधिनियम १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याने निगेटिव्हच्या मालकास पदच्युत केले. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती, असे कलम २ मध्ये स्वच्छ म्हटले आहे. आणि छायाचित्राचा समावेश कलाकृतींत करताना, तिच्या अंगी कलागुण असो वा नसो, अशी पुस्तीही जोडली आहे. या पुस्तीचे महत्त्व १९५७ साली फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे, परंतु आज आरशासमोर उभे राहून काढलेली सेल्फी, भाजीवाल्याला दाखविण्यासाठी काढलेले किडक्या वांग्याचे चित्र आणि रघु राय यांनी घेतलेले छायाचित्र ही तिन्ही या एकाच कलमाच्या छत्राखाली सारख्याच अधिकाराने उभी आहेत. हक्क मिळविण्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ₹५०० भरून कलाकृतीची नोंद करता येते आणि ती पुढे पुराव्यास उपयोगी पडते. पण हक्काचा जन्म कळ दाबताक्षणीच झालेला असतो.

एवढ्यावर कायदा थांबता तर प्रकरण सोपे होते. कर्ता आणि प्रथम मालक हे सामान्यतः एकच, असे कलम १७ सांगते आणि लगेच अपवादांची यादी उघडते. त्यांतील दुसरा अपवाद असा की, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र घेतलेले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास, सांगणारा हाच त्याचा प्रथम मालक. ही तरतूद १९११ च्या कायद्यातही होती. निगेटिव्हचे कलम गेले, हे मागे राहिले. याचा सरळ अर्थ असा की, लग्नाची, मुंजीची, बारशाची, साठीशांतीची, पैसे देऊन काढवून घेतलेली जेवढी छायाचित्रे आज महाराष्ट्रातील स्टुडिओंच्या हार्ड डिस्कांवर पडलेली आहेत, त्यांतील बहुतेकांचे मालक छायाचित्रकार नाहीत. ज्यांनी ऑर्डर दिली ती कुटुंबे आहेत.

ही गोष्ट सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणाऱ्या एका गृहस्थांपुढे काढली, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. कॅमेरा त्यांचा, लेन्सा त्यांच्या, रात्री जागून केलेले एडिटिंग त्यांचे, आणि मालक नवरीचा बाप, हे त्यांना न्यायाचे वाटेना. आणि त्यांच्या जागी बसून पाहिले तर ते तसे वाटू नये हेच स्वाभाविक आहे. त्यांचे बिलबुक आम्ही मागून घेतले. वर गणपतीचे चित्र आणि स्टुडिओचे नाव. खाली साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन असे चौकोन. मग कॅन्डिड, ट्रॅडिशनल, ड्रोन, करिझ्मा अल्बमची पाने, पेनड्राइव्ह. मग एकूण रक्कम, ॲडव्हान्स, बाकी. तळाशी बारीक अक्षरांत अटी होत्या: ॲडव्हान्स परत मिळणार नाही, यांत्रिक बिघाड झाल्यास स्टुडिओ जबाबदार नाही, बाकी रक्कम दिल्याशिवाय अल्बम मिळणार नाही, तीन महिन्यांनंतर डेटाची जबाबदारी राहणार नाही, वाद उद्भवल्यास अमुक न्यायालयाची कक्षा. छायाचित्रांची मालकी कोणाची, याविषयी त्या अटींत एक अक्षर नव्हते. म्हणजेच कायदा ज्यास विरुद्ध करार म्हणतो तो नव्हता, आणि त्या एका मौनामुळे भिंतीलगतच्या फडताळात आडनाव आणि साल मार्करने लिहून रचून ठेवलेल्या त्या साऱ्या हार्ड डिस्कांवरील चित्रे कायद्याच्या दृष्टीने परक्याची मत्ता झालेली होती. डिस्का मात्र निर्विवाद त्यांच्या.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण ग्राहकांची बाजू घेणारे उत्साही लोक तो नेहमी विसरतात. चित्राचा स्वामित्वहक्क मिळाला म्हणून त्या चित्राची प्रत्येक फाइल हाती मागण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची, ज्यास रॉ म्हणतात ती फाइल द्यावयाची की निवडून, रंग सारखे करून सिद्ध केलेली जेपेग द्यावयाची, हा ठरावाचा प्रश्न आहे. कलम १७ त्यात पडत नाही. बाकी चुकती झाल्यावाचून अल्बम न सोडणे हेही व्यवहारास धरूनच आहे. परंतु बाकी चुकती झाली, अल्बम घरी गेला, आणि सहा महिन्यांनी त्याच नवरीचे नथ सावरतानाचे चित्र स्टुडिओच्या, किंबहुना ज्या ब्यूटी पार्लरने तिला सजविले त्याच्या इन्स्टाग्रामवर आणि पुढच्या हंगामात पार्लरच्या फलकावर झळकले, तर तेथे कुटुंबाची परवानगी हवी होती. आणि ती चित्रातील चेहऱ्याबद्दल असलेल्या खाजगीपणाच्या हक्काखेरीज, निव्वळ मालक म्हणूनही हवी होती. मुंबई-पुण्याचे बडे वेडिंग फोटोग्राफर ही गोष्ट पुरती जाणून आहेत. त्यांचे करारनामे इंग्रजीत, चांगले चार-सहा पानी असतात, आणि त्यांत सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील हे कलम असावयाचेच. लग्नाच्या गडबडीत ते न वाचता सही करणारे वधूपिते मग आपल्याच मुलीची चित्रे वापरण्याचा केवळ परवाना मिळालेले ठरतात.

वधूपिता म्हटले ते मुद्दामच. कायदा कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या मोबदल्यावर एवढेच पाहतो. चित्रात कोण आहे हे तो पाहत नाही. आपल्याकडे दोन्ही पक्ष आपापला फोटोग्राफर आणतात, तेथे मालकीही दोन गटांत वाटली जाते, आणि जिचे लग्न ती मात्र कोणत्याच गटात नसते. पुढे दुर्दैवाने सोडचिठ्ठीची वेळ आली आणि तिने आपली चित्रे सासरच्यांनी वापरू नयेत असे म्हटले, तर तिला हा कायदा बाजूस ठेवून दुसऱ्या कायद्याचे दार ठोठवावे लागेल. शिवाय अंतरपाटाच्या ऐन वेळी फोटोग्राफरच्या पुढे येऊन मोबाइल उंच धरणारे जे काका प्रत्येक मांडवात असतात, त्यांनी टिपलेल्या चित्रांचे कर्ते आणि मालक तेच. त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि कोणी पैसेही दिलेले नसतात. कायद्याचे वैचित्र्य येथेही संपत नाही: चलच्चित्राचा कोणताही भाग हा छायाचित्र नव्हे असे व्याख्येतच म्हटलेले असल्यामुळे, व्हिडिओ थांबवून त्यातून काढलेली चौकट ही, कितीही सुरेख आली तरी, कायद्याने छायाचित्र ठरत नाही.

ज्या इंग्लंडकडून आपण हे कलम घेतले, त्याने १९८८ च्या कायद्याने ते टाकून दिले. तेथे आता मालकी छायाचित्रकाराची. मात्र घरगुती आणि खाजगी कारणासाठी चित्र काढवून घेणारास ते लोकांपुढे मांडण्यास मनाई करण्याचा स्वतंत्र हक्क कलम ८५ ने दिला आहे. कॅनडानेही २०१२ साली जुनी तरतूद रद्द करून मालकी छायाचित्रकारास दिली. आपल्या संसदेनेही नेमक्या २०१२ सालीच मोठी दुरुस्ती केली. छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे चाले, तो इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत वाढविला. परंतु मोबदल्याच्या कलमास तिने हात लावला नाही, आणि आमच्या मते ते बरेच झाले. इंग्रजांची तोड अधिक सुबक आहे यात शंका नाही. पण ज्या देशात करारनामा लिहिण्याचा रिवाज नाही तेथे, काहीच लिहिलेले नसताना घरच्या चित्रांवर घरच्यांचा हक्क मानणे, हे स्टुडिओच्या हक्कापेक्षा कमी अन्यायाचे आहे. ज्या छायाचित्रकारास हे जाचते त्यास बिलबुकात दोन ओळी छापण्याची मोकळीक कायद्याने दिलेलीच आहे.

मालकी गेली तरी छायाचित्रकाराचे सर्वस्व जात नाही. कलम ५७ ने कर्त्यास दोन विशेष हक्क दिले आहेत: ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकास बाध आणणारास अडविण्याचा. हे हक्क विकले जात नाहीत. स्वामित्वहक्क दुसऱ्यास लिहून दिल्यावरही ते कर्त्याजवळ राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भव्य भित्तिशिल्प काढून अडगळीत टाकले गेले म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केंद्र सरकारवर केलेल्या दाव्यात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला, तो याच कलमावर. छायाचित्राच्या क्षेत्रात नावाचे हे महत्त्व ज्यांना सर्वांत आधी पटवून द्यावे लागले नसते, त्या होमाई व्यारावाला. भारतातील या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकाराने मुंबईत उमेदवारी केली तेव्हा त्यांची आरंभीची चित्रे पतीच्या, माणेकशा यांच्या नावाने छापून येत. एक अप्रसिद्ध बाई असली छायाचित्रे घेते हे त्या काळी संपादकांस आणि वाचकांस रुचले नसते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

वृत्तपत्राच्या नोकरीतील छायाचित्रकारासाठी कलम १७ चा पहिला अपवाद आहे, आणि तो नोकरांना वाटतो तितका मालकांच्या बाजूचा नाही. वृत्तपत्रात अथवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, आणि विरुद्ध करार नसल्यास बाकी सर्व बाबतींत प्रथम मालक छायाचित्रकारच, अशी त्याची वाटणी आहे. म्हणजे त्याच चित्राचे प्रदर्शन भरविणे, पुस्तक काढणे, दिनदर्शिकेस ते देणे, हे हक्क मूळचे त्याचे. नेमणूकपत्रांतून हे हक्क अलीकडे सरसकट लिहून घेतले जातात हा भाग निराळा. जिल्ह्याच्या ठिकाणी मानधनावर काम करणारा माणूस तर नोकरही नसतो. पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून त्याने स्वतःहून टिपलेले आणि मोबाइलवरून रवाना केलेले चित्र त्याचेच असते, आणि ते कायमचे दुसऱ्याचे होण्यास कलम १९ प्रमाणे सहीचा लेख लागतो. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती ५ वर्षे धरावी आणि प्रदेश घातला नसेल तर भारतापुरता धरावा, हेही त्याच कलमात आहे. हे कलम छायाचित्रकारांच्या हिताचे असून त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानावर गेलेले आहे.

आता त्या प्रसिद्ध श्रेयनामावलीकडे वळू, जिने गेल्या २० वर्षांत मराठी मुद्रणसृष्टीत बिनतक्रार ठाण मांडले आहे: छायाचित्र सौजन्य, इंटरनेट. या इंटरनेट नावाच्या गृहस्थांनी सह्याद्रीतील करवंदीच्या जाळ्यांपासून आइसलँडमधील ज्वालामुखीपर्यंत सर्व काही स्वतः हिंडून टिपलेले असून ते मानधनही मागत नाहीत, म्हणून ते संपादकवर्गास प्रिय असावेत. कलम ५२ चालू घडामोडींच्या वृत्तासाठी, टीकेसाठी, परीक्षणासाठी उचित वापराची सवलत देते. पानाची रिकामी जागा शोभिवंत करण्यासाठी ती सवलत नाही, आणि सौजन्य असे छापल्याने ज्याने सौजन्य दाखविलेलेच नाही त्याची संमती मिळत नाही. दिवाळी अंकांनीही या बाबतीत आपले हात स्वच्छ असल्याचे छातीठोकपणे सांगू नये. जुन्या चित्रांची गोष्ट वेगळी. १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची ६० वर्षे २०११ अखेर, म्हणजे मुदतवाढीची दुरुस्ती येण्यापूर्वीच भरली. लोकमान्यांची अथवा शाहू महाराजांची त्यांच्या काळी छापून आलेली चित्रे आता सर्वांची आहेत.

परक्याचे चित्र बिनदिक्कत उचलणे किती महाग पडू शकते, हे हैतीच्या डॅनियल मोरेल यांच्या खटल्यावरून दिसते. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा हे अनुभवी वृत्तछायाचित्रकार तेथेच होते. दूरध्वनी बंद, वीज नाही. अशा स्थितीत त्यांनी त्या संध्याकाळी ट्विटरवर चित्रे मांडण्याच्या ट्विटपिक या सेवेवर खाते उघडून आपली चित्रे चढविली. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधील एका इसमाने ती लगोलग उचलून स्वतःची म्हणून पुढे केली. एएफपी या वृत्तसंस्थेने त्या इसमाच्या नावाने ती जगभर धाडली, आणि गेटी इमेजेसने विकली. मोरेल यांनी तक्रार करताच एएफपीनेच उलट न्यायालयात जाऊन, ट्विटरवर टाकलेले चित्र वापरण्याची मुभा तेथील शर्तींनीच दिलेली आहे, असे ठरवून मागितले. हा युक्तिवाद न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ च्या जानेवारीत फेटाळला, आणि नोव्हेंबरात ज्यूरीने हे उल्लंघन जाणूनबुजून केलेले आहे असा निष्कर्ष काढून १२ लाख डॉलरांची भरपाई ठरविली. चव्हाट्यावर मांडलेली वस्तू चव्हाट्याची होत नाही, एवढे या निकालाने एकदाचे ठरले.

आपल्या कायद्यातील दंड काही कमी जालीम नाही. कलम ६३ खाली ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात २०२२ साली सांगितले. दिवाणी दावा प्रतिवादीच्या गावी न जाता स्वतःच्या जिल्हा न्यायालयात गुदरण्याची दुर्मीळ सोय कलम ६२ ने फिर्यादीस दिली आहे. संकेतस्थळाच्या चालकास लेखी तक्रार केली की त्याने ३६ तासांत ते चित्र दिसेनासे करावे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम न आल्यास त्यास ते पुन्हा दिसू देता यावे, असाही मार्ग आहे. तथापि आपल्याकडील छायाचित्रकार पोलीस ठाण्याची पायरी चढतो ती कॅमेरा चोरीस गेल्यावर. चित्र चोरीस गेले तर तो त्याच चित्रावर पुढच्या वेळी आपले नाव अधिक मोठ्या अक्षरांत टाकतो, आणि चोर ते नाव कातरून टाकतो.

खरे म्हणजे नाव चित्राच्या अंगावर टाकण्याची गरज पडू नये अशी योजना यंत्रातच आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत एकदा आपले नाव आणि हक्काची ओळ भरून ठेवली की तो प्रत्येक फाइलीच्या पोटात, तारीख, वेळ, लेन्स आणि उघडझाप यांच्या नोंदीशेजारी, ती गुप्तपणे लिहीत जातो. या नोंदीस एक्झिफ म्हणतात. हा डिजिटल छायाचित्राचा जन्मदाखला होय. परंतु तेच चित्र नेहमीच्या रीतीने व्हॉट्सॲपवर पाठविले की त्याचा आकार आकसतो आणि हा दाखला गळून पडतो. ते डॉक्युमेंट म्हणून पाठविले तर दाखला शाबूत राहतो. आणि आपल्याकडील फ्लेक्सवाले व छापखानेवाले साहेब, डॉक्युमेंट करून पाठवा असे जे सांगतात ते छपाई फुटू नये म्हणून, हक्क फुटू नये म्हणून नव्हे. आषाढीच्या सुमारास वारीचे एखादे विलक्षण चित्र सकाळी कोणीतरी दिवेघाटात टिपतो. दुपारपर्यंत ते शेकडो गटांतून फिरून निनावी झालेले असते. संध्याकाळी त्यावर कोण्या इच्छुक उमेदवाराचा नमस्कार करणारा पुतळा चिकटवून शुभेच्छांचा फ्लेक्स चौकात चढतो. हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ पासून कलम ६५ख खाली २ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण येथे ती काढणारे एक यंत्र असते, आणि यंत्रास जाणीव नसते. पाठविणारासही बहुधा नसतेच.

समाजमाध्यमांच्या शर्तींविषयी लोकांत जी भीती आहे ती काहीशी अस्थानी आहे. २०१२ च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने आपल्या शर्ती बदलल्या तेव्हा आमची चित्रे ही कंपनी विकणार म्हणून जगभर गहजब झाला आणि कंपनीस माघार घ्यावी लागली. मालकी वापरणाराचीच राहते असे त्या शर्ती तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. फक्त त्याच वेळी बिनमोबदला, जगभर, दुसऱ्यासही देता येईल असा वापराचा परवाना कंपनी लिहून घेते. मालक तुम्ही आणि मुखत्यार आम्ही, असा हा मामला आहे. त्याहून अधिक आश्चर्य लोकांस वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे: आपले चित्र आपले नसते. जिजी हदीद या अमेरिकन मॉडेलने रस्त्यात कोणी टिपलेले स्वतःचेच छायाचित्र स्वतःच्या खात्यावर टाकले म्हणून २०१९ साली एका छायाचित्र संस्थेने तिच्यावर दावा लावला. नोंदणी पुरी झालेली नसल्याच्या तांत्रिक कारणावर तो काढून टाकण्यात आला. चेहरा तिचा म्हणून चित्र तिचे, असे न्यायालयाने म्हटले नाही. इंडोनेशियातील माकडाने डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्याची कळ दाबून काढलेल्या सेल्फीचे प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. २०१८ साली अपील न्यायालयाने माकडास अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याखाली दावा चालविता येत नाही असे ठरविले, आणि त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

गंभीर प्रश्न आला तो निराळ्याच दिशेने. शब्द दिला की चित्र घडविणाऱ्या यंत्रांना शिकविण्यासाठी लायन या जर्मन संस्थेने ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यांच्या वर्णनांसह गोळा केले. त्या राशीत आपले एक चित्र सापडल्यावरून रॉबर्ट क्नेश्के या छायाचित्रकाराने हॅम्बुर्गच्या न्यायालयात धाव घेतली. संशोधनासाठी अशी प्रत काढण्यास जर्मन कायद्यात मुभा आहे, या आधारावर २०२४ च्या सप्टेंबरात त्याचा दावा फेटाळला गेला. आपल्या कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता कोण याचे उत्तर १९९४ पासूनच लिहिलेले आहे: ती निर्माण होण्यास जो कारण झाला तो. ज्या ५८५ कोटी चित्रांवाचून ती निर्माण होऊ शकली नसती, ती टिपणारे या व्याख्येत बसतात की नाही, हे ठरविण्याचे काम १९९४ च्या संसदेपुढे नव्हते.

आणि एक जुनीच अडचण डिजिटल झाल्याने उघडी पडली आहे. गावोगावचे जुने स्टुडिओ बंद होत आहेत. त्यांच्या निगेटिव्हा चांदीसाठी भंगारात जातात, काचेच्या होत्या त्या कित्येक ठिकाणी खरवडून तसबिरींना आणि खिडक्यांना लागल्या. ज्या उरल्या त्या स्कॅन करून समाजाच्या वेशभूषेचा, दागिन्यांचा, घरांचा हा साठा अभ्यासकांस खुला करावा, अशी इच्छा धरणारे लोक आता पुढे येऊ लागले आहेत. स्टुडिओवाल्याचा वारस आनंदाने खोकी देऊन टाकतो. परंतु खोकी त्याची असली तरी १९६० च्या सुमारास चार रुपये मोजून, पाठीमागे रंगविलेल्या राजवाड्याच्या पडद्यापुढे बसलेल्या त्या जोडप्यांच्या चित्रांचे मालक ती जोडपी अथवा त्यांचे वारस, आणि पाकिटावर एक क्रमांक आणि फार तर एक आडनाव, याखेरीज त्यांचा ठावठिकाणा कोठेही नाही. मालक सापडत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करण्याची वाट कलम ३१क मध्ये आहे. तीवर एक अट आहे: अर्जापूर्वी आपला इरादा अर्जदाराने वृत्तपत्रात जाहीर केला पाहिजे, आणि ते वृत्तपत्र देशाच्या मोठ्या भागात खपणारे इंग्रजी दैनिक असले पाहिजे. मराठी दैनिकात जाहिरात द्यावी लागते ती फक्त एखाद्या ग्रंथाचे मराठी भाषांतर प्रसिद्ध करावयाचे असेल तेव्हा. माण-खटावातील शेतकऱ्याच्या आईवडिलांचे छायाचित्र प्रसिद्ध करावयाचे असेल तेव्हा नाही.